पवनऊर्जेचे सिनेटर आणि त्यांची मते: चक ग्रासली यांचे प्रकरण

लोकप्रतिनिधीने एखाद्या विषयावर काय केले हे पाहायचे असेल तर त्याची सभागृहातील मते मोजावीत, असा सर्वसाधारण समज आहे, आणि अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये प्रत्येक नोंदवलेले मत सार्वजनिक असल्यामुळे ही मोजणी तिथे सोपीही आहे. काही संघटना दरवर्षी अशा मतांची गुणपत्रिका प्रसिद्ध करतात. आयोवा राज्याचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली यांचा लीग ऑफ कॉन्झर्वेशन व्होटर्स या पर्यावरणवादी संघटनेच्या गुणपत्रिकेतील संपूर्ण कारकिर्दीचा गुणांक, म्हणजे संघटनेला हव्या असलेल्या बाजूने पडलेल्या त्यांच्या मतांचा वाटा, २० टक्क्यांच्या आत आहे. याच ग्रासलींना अमेरिकेतील पवनऊर्जा उद्योग तीन दशकांहून अधिक काळ आपल्या मुख्य करसवलतीचे जनक मानत आला आहे, आणि ते स्वतःही ही ओळख अभिमानाने सांगतात.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घेण्यासाठी १९९२ ते २०२५ या काळातील त्यांची काही निवडक मते, ती ज्या विधेयकांवर पडली त्यांची रचना, आणि मतांच्या नोंदीत न उतरणारे त्यांचे काम येथे तपासले आहे. या अभ्यासातून निघालेले माझे मत आधीच नोंदवतो. एखाद्या मताने निकाल बदलण्याची शक्यता होती की नव्हती, हे त्या मतातील ‘हो’ किंवा ‘नाही’पेक्षा पुष्कळ अधिक सांगून जाते. ही कसोटी लावली तर ग्रासली हे पवनऊर्जेचे प्रामाणिक, चिवट, परंतु पक्षाच्या चौकटीत राहणारे पाठीराखे ठरतात. ऊर्जाबचतीच्या योजनांना मात्र त्यांच्याच समितीत जन्म मिळूनही पुढे पालक मिळाला नाही.

पैसा जाण्याच्या दोन वाटा

अमेरिकेचे केंद्र सरकार ऊर्जेसाठी पैसा दोन प्रकारे देते. पहिली वाट उघड खर्चाची आहे: काँग्रेस दरवर्षी विनियोजन विधेयके मंजूर करते आणि त्यातून ऊर्जा खात्याला संशोधनासाठी, राज्यांना अनुदानासाठी, गरीब कुटुंबांच्या घरदुरुस्तीसाठी रक्कम मिळते. दुसरी वाट करकायद्यातून जाते. पवनचक्कीने वीज तयार केली, ती विकली गेली, की दर युनिटमागे ठरलेली रक्कम मालकाच्या देय करातून वजा होते. सरकार धनादेश लिहीत नाही. येणारा कर तेवढा कमी येतो. तिजोरीच्या हिशेबात परिणाम जवळजवळ सारखाच असला तरी राजकारणात या दोन वाटांना फार वेगळे भाव मिळतात. सरकारी खर्चाला तत्त्वतः विरोध करणारा सदस्य कर कमी करण्याच्या बाजूने निःसंकोच बोलू शकतो.

सिनेटमध्ये करकायदा लिहिण्याचे काम वित्त समितीचे आहे, आणि ग्रासलींची खरी सत्ता तिथे होती. न्यू हार्टफर्डजवळ शेती असलेले, १९३३ साली जन्मलेले ग्रासली १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहात आणि १९८१ मध्ये सिनेटमध्ये आले. वित्त समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे २००१ मध्ये काही महिने, मग २००३ ते २००६ अखेर आणि पुन्हा २०१९ व २०२० या दोन वर्षांत होते. अधूनमधून ते याच समितीत अल्पमतातील पक्षाचे ज्येष्ठ सदस्य होते. समितीच्या बैठकीत विधेयकात कोणते कलम शिरते आणि कोणते गळते, याची नोंद शोधली तर सापडते, पण गुणपत्रिकेत ती येत नाही.

करसवलतीचा जन्म आणि तिचे वारंवार मरण

१९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्यात पवनऊर्जेसाठी उत्पादनावर आधारित करसवलत आली, आणि तिचा पुढाकार ग्रासली यांचा होता. प्रत्येक युनिटमागे दीड सेंट, प्रकल्प सुरू झाल्यापासून पहिली दहा वर्षे, आणि महागाईनुसार वाढणारा दर, अशी तिची रचना होती. तिचा एक गुण आवर्जून सांगण्यासारखा आहे. आयोवाच्या आधी कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात पवनचक्क्या उभारण्याच्या गुंतवणुकीवर सवलत मिळत असे, त्यामुळे चक्की फिरली नाही तरी मालकाचे काम होत असे. उत्पादनावरच्या सवलतीत वीज निघाल्याशिवाय एक सेंटही मिळत नाही. चांगल्या यंत्राला आणि चांगल्या जागेला बक्षीस देणारी ही रचना पुढे जगभर अभ्यासली गेली, आणि ग्रासलींच्या कामाचे मूल्यमापन करताना हा मुद्दा त्यांच्या खात्यावर ठळकपणे जमा केला पाहिजे.

तिचा दोष मुदतीत होता. सवलत कायमची नव्हती. १९९९ च्या मध्यात ती संपली आणि डिसेंबरमध्ये परत आली. २००१ अखेर संपली आणि मार्च २००२ मध्ये परत आली. २००३ अखेर संपली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये परत आली. पवनचक्की उभारायला जागेचे करार, वारा मोजण्याचे काम, वाहिनीची जोडणी आणि कर्ज या सगळ्यांना मिळून काही वर्षे लागतात, आणि सवलतीचे आयुष्य मात्र एक-दोन वर्षांचे असे. या विसंगतीचा परिणाम पुढे २०१२ आणि २०१३ या लागोपाठच्या वर्षांत सर्वांत स्पष्ट दिसला: सवलत वर्षअखेर संपणार म्हणून २०१२ मध्ये देशात सुमारे १३,००० मेगावॉट क्षमतेच्या पवनचक्क्या घाईने उभ्या राहिल्या, तर २०१३ मध्ये तो आकडा सुमारे १,१०० मेगावॉटवर आला. आयोवातील फोर्ट मॅडिसन येथील सीमेन्सच्या पाती बनवणाऱ्या कारखान्यातून २०१२ च्या सप्टेंबरमध्ये चारशेहून अधिक कामगार कमी करण्यात आले, कारण पुढच्या वर्षाची मागणीच नव्हती.

ग्रासलींचे काम प्रामुख्याने या मुदतवाढींचे काम आहे. ते करताना त्यांचा एक युक्तिवाद सातत्याने दिसतो: तेल आणि वायू उद्योगाच्या करसवलती शंभरेक वर्षांपासून कायद्यात कायम आहेत, त्यांना कोणी मुदत लावत नाही, मग एकट्या पवनऊर्जेकडे बोट दाखवून ‘बाजारात स्वतःच्या पायावर उभे राहा’ असे म्हणणे न्याय्य नाही. हा युक्तिवाद त्यांनी स्वपक्षीयांना ऐकवला, म्हणून त्याचे वजन अधिक आहे.

विधेयकांच्या गाठोड्यात अडकलेली मते

मुदतवाढी क्वचितच स्वतंत्र विधेयक म्हणून मतदानाला आल्या. त्या मोठ्या कायद्यांच्या पोटात शिरून आल्या, आणि त्यामुळे अंतिम मताचा अर्थ लावणे अवघड होते.

जून २००७ मध्ये ग्रासली आणि वित्त समितीचे डेमोक्रॅटिक अध्यक्ष मॅक्स बॉकस यांनी मिळून नवीकरणीय ऊर्जेच्या करसवलतींचा मोठा भाग ऊर्जा विधेयकाला जोडण्याचा प्रयत्न केला. तेल कंपन्यांच्या सवलती कापून त्याचा खर्च भागवायचा होता. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरील चर्चा थांबवून मतदान घेण्यासाठी ६० मते लागतात (अर्थसंकल्पाशी निगडित काही विधेयके विशेष मार्गाने साध्या बहुमतावर मंजूर होतात). या प्रस्तावाला ५७ मिळाली आणि तो बारगळला. त्याच वर्षीचा ऊर्जा कायदा डिसेंबरमध्ये करभागाविना मंजूर झाला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बँकांना वाचवण्यासाठी आणलेल्या आणीबाणीच्या कायद्यात पवनऊर्जेला एका वर्षाची आणि सौरऊर्जेला आठ वर्षांची मुदतवाढ घालण्यात आली, आणि सिनेटने तो ७४ विरुद्ध २५ मतांनी मंजूर केला. ग्रासली यांनी त्याच्या बाजूने मत दिले. नोंदीत हे नवीकरणीय ऊर्जेच्या बाजूचे मत म्हणून मोजता येते. पण त्या आठवड्यात सिनेटसमोर खरा प्रश्न वित्तसंस्था कोसळण्याचा होता, हे विसरून ते मोजले तर नोंद दिशाभूल करते.

फेब्रुवारी २००९ च्या आर्थिक पुनरुज्जीवन कायद्याचे उदाहरण उलट दिशेचे आहे. या कायद्याने पवनऊर्जेची सवलत २०१२ अखेरपर्यंत वाढवली, म्हणजे तोवरची सर्वांत लांब मुदतवाढ दिली. वित्तीय संकटामुळे करसवलत विकत घेणारे गुंतवणूकदारच उरले नव्हते, म्हणून सवलतीऐवजी प्रकल्पखर्चाच्या ३० टक्के रोख अनुदान घेण्याचा पर्यायही त्यात होता. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांच्या भिंती-छतांना उष्णतारोधक थर लावणे, फटी बुजवणे, जुन्या भट्ट्या बदलणे यासाठी १९७६ पासून चालणाऱ्या केंद्रीय योजनेला ५ अब्ज डॉलर मिळाले. अवघ्या तीन रिपब्लिकन सिनेटरांनी बाजूने मत दिले आणि ग्रासली त्यांच्यात नव्हते. मध्यमवर्गीयांवरील पर्यायी किमान कराचा बोजा हलका करणारी स्वतःची दुरुस्ती त्यांनी समितीत मंजूर करून घेतली होती, तरीही अंतिम विधेयकाला त्यांनी विरोधच केला. विधेयकाचे एकूण आकारमान आणि वाढती तूट हा त्यांचा आक्षेप होता.

यापेक्षाही बोलके मत १ जानेवारी २०१३ च्या पहाटेचे आहे. आदल्या ऑगस्टमध्ये वित्त समितीने करसवलतींच्या मुदतवाढीचे विधेयक १९ विरुद्ध ५ मतांनी पुढे पाठवले होते, आणि त्यात पवनऊर्जेचे कलम असावे म्हणून ग्रासली झगडले होते. त्या उन्हाळ्यात त्यांच्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी या सवलतीच्या विरोधात उभे होते, त्यामुळे तो झगडा सोपा नव्हता. हेच कलम वर्षअखेरीच्या करतडजोडीत जसेच्या तसे आले. एका वर्षाच्या या मुदतवाढीचा दहा वर्षांतील भार सुमारे १२ अब्ज डॉलर धरण्यात आला होता. शिवाय त्यात एक अत्यंत महत्त्वाचा बदल होता: प्रकल्प वर्षअखेर सुरू झालाच पाहिजे ही अट जाऊन बांधकाम सुरू झाले असले तरी पुरे, अशी नवी अट आली. सिनेटने ती तडजोड ८९ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केली. त्या आठ विरोधकांत ग्रासली होते, आणि आयोवाचे दुसरे सिनेटर, डेमोक्रॅट टॉम हार्किन हेही होते.

देशात पवनऊर्जेवर सर्वाधिक अवलंबून असलेल्या राज्यांपैकी एकाचे दोन्ही सिनेटर पवनऊर्जेला जीवदान देणाऱ्या कायद्याच्या विरोधात मत देतात, हे वरवर न उलगडणारे कोडे वाटते. मात्र ८९ मते पक्की असताना विरोधाला किंमत मोजावी लागत नाही. हार्किन यांना श्रीमंतांसाठीच्या करकपाती अति वाटल्या, ग्रासलींना उलट बाजूने तडजोडच नापसंत होती, आणि दोघांनाही ठाऊक होते की पवनऊर्जेचे कलम त्यांच्या मताशिवाय पार पडणार आहे. समितीत हवे ते मिळवायचे आणि सभागृहात तत्त्व नोंदवायचे, ही सिनेटची जुनी रीत आहे. तिला ढोंग म्हणण्याची घाई मी करणार नाही. तरीही मतदार आणि अभ्यासक या दोघांनी हे लक्षात घेतले पाहिजे की असे मत भूमिका दाखवते, परिणाम दाखवत नाही.

२०१५ च्या डिसेंबरमध्ये उद्योगाच्या संमतीने सवलत टप्प्याटप्प्याने उतरवण्याचे ठरले: २०१७ मध्ये बांधकाम सुरू करणाऱ्यांना पूर्ण दराच्या ८० टक्के, २०१८ साठी ६० टक्के, २०१९ साठी ४० टक्के. ग्रासलींनी ही उतरंड मान्य केली, आणि मग ती मध्येच कोणी तोडू नये यासाठी ते उभे राहिले. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी प्रचारात पवनऊर्जेवर टीका केली तेव्हा ही सवलत काढायची असेल तर ते आपल्या मृतदेहावरूनच घडेल, असे ग्रासली जाहीरपणे म्हणाले. २०१७ च्या करकायद्यात प्रतिनिधिगृहाने सवलतीचा दर आणि नियम दोन्ही आकुंचित करण्याचे कलम घातले होते. अंतिम कायद्यात ते राहिले नाही, आणि ग्रासलींनी त्या कायद्याला मत दिले. त्यांच्या भूमिकेचा हा सर्वांत यशस्वी काळ म्हणता येईल.

आयोवा

या चिवटपणाचे मूळ आयोवाच्या भूगोलात आहे. १९८३ मध्ये या राज्याने वीज कंपन्यांना नवीकरणीय विजेचा ठरावीक हिस्सा घेणे बंधनकारक केले, आणि असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होते. अलीकडच्या वर्षांत राज्यात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे ६० टक्के वाऱ्यापासून येते. इतका वाटा दुसऱ्या कोणत्याही राज्याचा नाही. पवनचक्की मक्याच्या शेतात उभी राहते, शेतकऱ्याला दरवर्षी भाडे मिळते, काउंटीला मालमत्ता कर मिळतो आणि त्यातून शाळा व रस्ते चालतात. न्यूटन गावातला मेटॅगचा धुलाईयंत्रांचा कारखाना २००७ मध्ये बंद झाल्यावर तिथे पवनचक्कीची पाती बनवणारी कंपनी आली. स्वतः शेतकरी असलेल्या सिनेटरला हे सगळे आकडेवारीतून समजून घ्यावे लागत नाही. इथेनॉलच्या बाबतीतही त्यांची भूमिका याच मुळातून आलेली आहे.

टीकाकारांचा प्रतिवादही नोंदवला पाहिजे. आयोवातील सर्वांत मोठी पवनऊर्जा गुंतवणूकदार कंपनी मिडअमेरिकन एनर्जी ही बर्कशायर हॅथवेच्या मालकीची आहे, आणि बर्कशायरचे तेव्हाचे प्रमुख वॉरन बफे यांनी २०१४ मध्ये मोकळेपणाने सांगितले होते की करसवलत नसेल तर पवनचक्क्या उभारण्यात अर्थ नाही. भरपूर कर भरणाऱ्या कंपनीलाच करसवलतीचा पूर्ण लाभ घेता येतो. सहकारी वीजसंस्था, नगरपालिका किंवा लहान मालक यांना तो सहजासहजी घेता येत नसे. उघड अनुदानाऐवजी करसवलत पसंत करण्याची ही किंमत आहे, आणि ग्रासलींच्या नोंदीचा विचार करताना ती मला महत्त्वाची वाटते. २०२२ च्या कायद्याने करमुक्त संस्थांना ही रक्कम थेट देण्याची सोय केली तेव्हा हा दोष प्रथमच मोठ्या प्रमाणावर दूर झाला.

दोन निर्णायक मते

ऑगस्ट २०२१ मध्ये पायाभूत सुविधांचा कायदा ६९ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झाला. त्याला मत देणाऱ्या १९ रिपब्लिकन सिनेटरांत ग्रासली होते. या कायद्यात वीजवाहिन्यांसाठी मोठी तरतूद होती आणि वर सांगितलेल्या घरदुरुस्ती योजनेसाठी ३.५ अब्ज डॉलर होते. २००९ मध्ये ज्या प्रकारच्या खर्चाला त्यांनी नकार दिला त्याच प्रकारच्या खर्चाला १२ वर्षांनी होकार दिला, याचे कारण विधेयक दोन्ही पक्षांनी मिळून लिहिले होते आणि त्यात रस्ते-पूल होते. उघड खर्चाला त्यांचा विरोध सरसकट नाही, एवढे यावरून म्हणता येते.

वर्षभरानंतर, ७ ऑगस्ट २०२२ रोजी, महागाई नियंत्रण कायदा ५१ विरुद्ध ५० मतांनी मंजूर झाला. पवनऊर्जेची सवलत त्याने पूर्ण दराने परत आणली, मग सर्व स्वच्छ विजेसाठी एकच दीर्घकाळाची सवलत दिली. घरगुती ऊर्जाबचतीची करसवलत ३० टक्क्यांवर नेली आणि राज्यांमार्फत द्यायच्या सूट योजनांसाठी सुमारे ८.८ अब्ज डॉलर ठेवले. ज्या स्थैर्याची मागणी ग्रासलींनी वीस वर्षे केली ते यात होते. सर्व रिपब्लिकनांप्रमाणे त्यांनीही विरोधात मत दिले. सभागृह पक्षनिहाय समसमान विभागलेले असताना उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने कायदा झाला, म्हणून त्यांच्या विरोधाने प्रत्यक्षात काही थांबले नाही.

१ जुलै २०२५ ची गोष्ट वेगळी होती. ट्रम्प प्रशासनाच्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधेयकाने या सवलतींचे आयुष्य तोडले. सवलती एकदम काढू नयेत असे पत्र एप्रिलमध्ये चार रिपब्लिकन सिनेटरांनी पक्षनेत्याला लिहिले होते. त्यावर ग्रासलींची सही नव्हती. विधेयक सभागृहात आल्यावर मात्र अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कौस्की, आयोवाच्याच जोनी अर्न्स्ट आणि ग्रासली यांनी पवन व सौर प्रकल्पांवरील प्रस्तावित नवा कर काढण्याची आणि मुदत सैल करण्याची दुरुस्ती पुढे आणली. अंतिम मजकुरात तो कर राहिला नाही, आणि कायदा झाल्यापासून १२ महिन्यांत, म्हणजे ४ जुलै २०२६ पर्यंत, बांधकाम सुरू करणाऱ्या प्रकल्पांना सवलत देण्यात आली. त्यानंतरच्यांना २०२७ अखेर वीज सुरू करण्याची अट लागली. विधेयक ५१ विरुद्ध ५० मतांनी मंजूर झाले. तीन रिपब्लिकन विरोधात गेले होते, ग्रासली बाजूने होते. उरलेल्या पन्नासांपैकी कोणीही एक जण फिरला असता तर विधेयक पडले असते.

त्यांच्या समर्थकांचे म्हणणे असे असू शकते की आत राहिल्यामुळेच बारा महिन्यांची खिडकी मिळाली, आणि बाहेर पडलेल्या सदस्याला कोणी विचारले नसते. यात तथ्य आहे. पण एका मताने पडू शकणाऱ्या विधेयकात प्रत्येक मताची किंमत कमाल असते. १९९२ पासून जपलेल्या सवलतीसाठी त्या किमतीला मिळाले ते एका वर्षाचे अवसर, हे प्रमाण मला अपुरे वाटते. २०१३ चे ‘नाही’ आणि २०२५ चे ‘हो’ शेजारी ठेवून पाहावेत: पहिल्याने पवनऊर्जेचे काहीच बिघडणार नव्हते, दुसऱ्याने सगळे बिघडू शकत होते.

त्यानंतर जे घडले ते या प्रकरणातले सर्वांत उद्बोधक पान आहे. ७ जुलै रोजी राष्ट्राध्यक्षांनी अर्थखात्याला ‘बांधकाम सुरू झाले’ या संज्ञेचे नियम कडक करण्याचा आदेश दिला. नियम पुरेसे कडक झाले असते तर कायद्याने दिलेली खिडकी प्रशासनाने बंद केली असती. ऑगस्टच्या सुरुवातीला ग्रासलींनी सिनेटच्या मंजुरीची वाट पाहणाऱ्या अर्थखात्याच्या तीन नियुक्त्या रोखून धरल्या आणि नियम कायद्याच्या शब्दांशी व काँग्रेसच्या हेतूशी सुसंगत निघेपर्यंत त्या सोडणार नाही असे जाहीर केले. युटाचे रिपब्लिकन सिनेटर जॉन कर्टिस यांनीही हेच केले. १५ ऑगस्टला आलेल्या नियमांत प्रकल्पखर्चाच्या ५ टक्के रक्कम खर्च झाली की बांधकाम सुरू झाले असे मानणारी जुनी सोपी कसोटी लहान सौर प्रकल्पांपुरतीच राहिली, परंतु प्रत्यक्ष कामाची कसोटी आणि प्रकल्प पूर्ण करण्यासाठीची चार वर्षांची मुदत टिकली. ज्या संज्ञेसाठी ते अडून बसले ती कायद्यात आली होती जानेवारी २०१३ मध्ये, त्यांनी विरोधात मत दिलेल्या तडजोडीतून. नियुक्ती रोखणे हे मत नसते. मतांच्या कोणत्याही गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही.

ऊर्जाबचत

ऊर्जा धोरण कायदा २००५ हा सिनेटने २९ जुलै २००५ रोजी ७४ विरुद्ध २६ मतांनी मंजूर केला. त्याचा करभाग वित्त समितीतून आला, आणि समितीचे अध्यक्ष ग्रासली होते. या एका कायद्याने ऊर्जाबचतीच्या तीन करसवलती जन्माला घातल्या: घरमालकाने खिडक्या, दारे, उष्णतारोधक थर वा भट्टी सुधारली तर त्याला मिळणारी कलम २५सी ची सवलत, कमी ऊर्जेत चालणारे नवे घर बांधणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाला मिळणारी ४५एल, आणि व्यापारी इमारतींसाठी १७९डी ची वजावट. छतावरील सौर यंत्रणांसाठीची २५डी ही सवलतही तिथलीच. पंधरा वर्षांनी, २१ डिसेंबर २०२० रोजी, ग्रासली पुन्हा समितीचे अध्यक्ष असताना सिनेटने ९२ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केलेल्या वर्षअखेरीच्या कायद्यात १७९डी कायमस्वरूपी करण्यात आली, आणि ग्रासलींचे मत त्याच्या बाजूने होते. ऊर्जाबचतीच्या बाबतीत इतकी कामगिरी क्वचितच दुसऱ्या रिपब्लिकन सिनेटरच्या नावावर सांगता येईल.

तरीही ग्रासलींची ओळख पवनऊर्जेशी जोडली गेली आणि या सवलती त्यांच्या नावाने कोणी ओळखत नाही. याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा बचतीच्या स्वरूपात शोधावे. पवनचक्की दिसते, तिचे भाडे मिळणारा शेतकरी ठाऊक असतो, तिची पाती बनवणारा कारखाना मतदारसंघात असतो, आणि सवलत संपली की कामगार कमी झाल्याची बातमी येते. न वापरलेल्या विजेचा कारखाना नसतो. तिचा लाभ लाखो घरांच्या माळ्यांवर आणि भिंतींत विखुरलेला असतो, प्रत्येकाच्या देयकात थोडाथोडा, आणि ती सवलत गेली तर कोणत्याही एका गावाचे पोट तुटत नाही. सिनेटरच्या दारात येऊन बसणारे कोणी नसते.

२०२५ च्या कायद्यात हा फरक तारखांतून उमटला. पवन आणि सौर प्रकल्पांना ४ जुलै २०२६ पर्यंत बांधकाम सुरू करण्याची मुभा मिळाली. घरमालकांची २५सी आणि छतावरील सौर यंत्रणांची २५डी ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. बांधकाम व्यावसायिकांची ४५एल ३० जून २०२६ नंतर पूर्ण होऊन विकल्या जाणाऱ्या घरांना नाही, आणि पाच वर्षांपूर्वी कायमस्वरूपी म्हणून घोषित झालेली १७९डी ३० जून २०२६ नंतर काम सुरू होणाऱ्या इमारतींना नाही. ग्रासली, अर्न्स्ट आणि मर्कौस्की यांच्या दुरुस्तीचा विषय पवन आणि सौर प्रकल्प हा होता. ऑगस्टमध्ये रोखलेल्या नियुक्त्यांचा विषयही तोच होता. २००५ मध्ये स्वतःच्या समितीतून काढलेल्या बचतीच्या सवलतींबाबत ग्रासलींची जी नोंद राहते ती १ जुलै २०२५ च्या त्या एका ‘हो’ची आहे.